गिरणीत कोण येऊन जातं

९ जानेवारी

आज सकाळी पट्टा पडला. मोटर सुरू केली, पट्ट्याने जेमतेम दोन फेरे घेतले आणि मेलेल्या सापासारखा खाली येऊन पडला. उचलून पाहिला तर जोडापासून वीतभर अंतरावर अर्ध्याहून जास्त कापलेला. झिजून तुटला असता तर धागे लोंबले असते. याला कड आहे, सुरीची. तीही वाकडीतिकडी, जणू कापणाऱ्याला घाई होती किंवा हात बसलेला नव्हता.

मी लिहिणारी बाई नाही. पण हे कुणाजवळ तरी बोलायला हवं, आणि गावात एकाला सांगितलं की संध्याकाळपर्यंत तेच तिखटमीठ लावून माझ्याकडे परत येतं. म्हणून वही. ती गिरणीतच, रिकाम्या पोत्यांच्या थप्पीत ठेवणार.

ह्यांचा उजवा हात गेल्या ऑक्टोबरात याच जागी गेला. बाही पट्ट्यात अडकली आणि मनगटापासून पुढचं काही उरलं नाही. दवाखान्यातून घरी आले तेव्हा गिरणीला कुलूप होतं आणि लोक पलीकडच्या गावी दळणं न्यायला लागले होते. मग मीच किल्ली घेतली. बाईला जमायचं नाही म्हणाले सगळे. गुळगुळीत झालेल्या दगडांना छिन्नीने टाकी लावायची, पीठ जाड येतंय की बारीक ते बोटांनी बघायचं, सगळं शिकले. जमलं.

इथे कुणी वाचत नाही म्हणून लिहिते. मला ही गिरणी आवडते. बायका रांगेत उभ्या राहून मला विचारतात, माझा नंबर कधी. पंधरा वर्षांच्या संसारात मला असं कुणी काही विचारलं नव्हतं.

हे मात्र तेव्हापासून इकडे फिरकलेले नाहीत. रस्त्याने जायचं झालं तर गिरणी टाळून मागच्या वाटेने जातात.

आज मी लवकर घरी गेले. मी काही बोलायच्या आत ह्यांनी विचारलं, "लागलं नाही ना कुठे?" म्हणजे बातमी माझ्याआधी घरी पोहोचली होती. कुणी पोहोचवली ते बघायला हवं.

१० जानेवारी

मिस्त्री सायकलवरून नवा पट्टा घेऊन आला. जुना हातात घेऊन बराच वेळ उलटापालटा केला. मग म्हणाला, ज्याने कापलंय त्याला गिरणी ठाऊक आहे. थोडासाच कापला असता तर भर दळणात तुटला असता आणि तुमच्या तोंडावर बसला असता. हा एवढा कापलाय की सुरू करतानाच गळून पडावा. कुणाला इजा होऊ नये याची काळजी घेतलीय, वहिनी.

मी मान हलवली. पण तो गेल्यावर विचार आला, याला इतकं कसं काय कळतं?

डोक्यात तीन माणसं आहेत. पहिला दीर. त्याचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान ताडपत्रीखाली आहे आणि गिरणीची खोली बरोबर रस्त्यावर. हात गेल्यानंतर आठवडाभरातच तो ह्यांना म्हणाला होता, दादा, आता ती जागा रिकामीच राहणार असेल तर. वाक्य पुरं केलं नाही, पण मी ते पुरं करून ठेवलं आहे. दुसरी दुकानवाली. गिरणी बंद होती तेव्हा तिने पिठाच्या तयार पिशव्या आणायला सुरुवात केली आणि आता त्या पडून आहेत. तिसरा मिस्त्री. गिरणी मोडली नाही तर त्याला बोलावणार कोण?

कुलूप फोडलेलं नाही. किल्ल्या दोन. एक माझ्या गळ्यात, दुसरी घरी खुंटीवर. आणि त्या खुंटीखालच्या खुर्चीत कोण येऊन बसतं? दीर.

१५ जानेवारी

चार दिवस सुरळीत. गर्दी खूप.

ह्यांनी पहाटे फिरायला जायला सुरुवात केली आहे. डॉक्टर सांगून थकले होते, तेव्हा हलले नाहीत. आता मी उठायच्या आत बाहेर पडलेले असतात. बरं वाटलं. माणूस पुन्हा माणसात येतोय. नाहीतर दिवसभर खिडकीत बसून राहायचं आणि मी मदतीला गेले की हात झटकायचा. परवा पिशवीचं तोंड बांधत होते, एक टोक डाव्या हातात, दुसरं दातात. मी म्हटलं द्या इकडे. तर अशा नजरेने बघितलं की मी स्वयंपाकघरात निघून गेले.

२० जानेवारी

आज फ्यूज गायब. बाहेर पाच जणी दळण घेऊन उभ्या आणि मी अंधारात डबा चाचपडतेय. फ्यूजच्या डब्याचं दार मी सुतळीने बांधून ठेवते. सुतळी जागेवर होती, पण गाठ माझी नव्हती. टोक चावून चावून पिसं झालेलं. उंदरांनी तेवढ्यातही हात मारून घेतला. पिंजरा लावायला हवा.

थोड्या वेळाने दुकानवाली हजर. "बंद दिसली म्हणून म्हटलं विचारून यावं," म्हणाली. तिच्या दुकानातून गिरणीचं दार दिसत नाही. मग तिला दिसली कशी? मी विचारलंही. ती म्हणाली, आवाज आला नाही म्हणून. उत्तर तयारच होतं तिच्याकडे. जाताना दोन बायका तिच्याबरोबर गेल्या आणि पिशव्या घेऊन माझ्यासमोरून घरी गेल्या. एक तर माझ्याकडे बघून ओशाळं हसलीही.

घरी आले तेव्हा हे अंगणात उभे होते. आज गिरणी बंद म्हटल्यावर ह्यांनी माझ्या हातचं पाणीही घेतलं आणि जेवताना दोन शब्द बोलले. दुपारभर बायको घरी असली की पुरुषांना बरं वाटतं. माझा मात्र जीव गिरणीत.

ह्यांच्या सदऱ्याच्या कॉलरला पीठ होतं, ते झटकलं. माझ्यामुळे आता घरातल्या सगळ्यालाच पीठ लागतं.

२६ जानेवारी

काल घडलं ते आज लिहितेय.

सकाळी गिरणीत गेले तर मोटरच्या चाकाचे बोल्ट काढून नेलेले. चारही. मी तशीच घरी परतले. दीर खुंटीखालच्या खुर्चीत बसून चहा पीत होता, हे समोर. माझा तोल सुटला. मी खुंटीवरची किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरून विचारलं, कितीदा नेलीस ही?

त्याला आधी कळलंच नाही. कळल्यावर त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, "वहिनी, मला ती जागा हवी असती तर मी दादाकडे तोंडाने मागितली असती. चोरासारखं येऊन बोल्ट कशाला काढू?"

मी म्हटलं, मागितली होतीसच की.

त्याने ह्यांच्याकडे बघितलं. बराच वेळ बघत राहिला. ह्यांनी मान वर केली नाही, बशीतल्या चहाकडे बघत बसले. भावावर आळ आला की माणूस असाच गोठतो. मला ह्यांचीच दया आली.

दीर उठला. दाराशी जाऊन म्हणाला, "दादा, तू काहीच बोलणार नाहीस का?" तो गेला. संध्याकाळी जाऊबाईंनी निरोप धाडला, यापुढे आमचं दळण तुमच्याकडे नको.

रडू आलं. पण पाणी कुठे मुरतंय ते तरी कळलं.

२८ जानेवारी

मिस्त्रीने नवे बोल्ट बसवले आणि माझ्या सांगण्यावरून शहरातून नवं कुलूपही आणलं. जाडजूड, दोन किल्ल्यांचं. एक माझ्या गळ्यात. दुसरी आता खुंटीवर नाही, ह्यांच्या स्वाधीन केली. म्हटलं, कुणाच्या हाती लागू देऊ नका. ह्यांनी मुठीत धरली आणि बघत राहिले. मग म्हणाले, "माझ्याकडे नको ठेवूस." मी म्हटलं, घरच्या माणसापेक्षा खात्रीची जागा कुठली?

७ फेब्रुवारी

नवं कुलूप लागल्यापासून काही नाही. दीरच होता तर. आता खात्री झाली म्हणून समाधान वाटायला हवं, पण रस्त्यात तो समोरून आला की मीच पलीकडे होते. तो मात्र सरळ चालत जातो.

दळण वाढलंय. उद्या शाळेचं धान्य येणार, पोती दोन दिवस पुरतील इतकी. ह्यांना सांगितलं, रात्रीपर्यंत चालवावी लागेल, एकटीनेच, जेवायला वाट बघू नका. ह्यांचा चेहरा उतरला. एकटीच? असं दोनदा विचारलं. जेवणाची एवढी काय काळजी, मी वाढून ठेवून जाईन म्हटलं.

८ फेब्रुवारी

पट्टा नाही. कापलेला नाही, सुटलेला नाही. अख्खा पट्टाच नाही.

कुलूप जसंच्या तसं. शाळेची पोती दारात. शिक्षिकाबाई समजूतदार आहेत, थांबतो म्हणाल्या, पण चेहऱ्यावर दिसत होतं की पुढच्या वेळी त्या थांबणार नाहीत.

दिराकडे किल्ली असणं शक्य नाही. मग कुलूप आणलं कुणी? मिस्त्रीने. दोन किल्ल्यांचं म्हणून माझ्या हातात दिलं, पण तिसरी त्याच्या खिशात नसेल कशावरून? गिरणी ठाऊक असलेला माणूस, तोच म्हणाला होता. स्वतःबद्दलच बोलत होता की काय?

असं असेल तर दिराला मी काय बोलून बसले?

नाही, आधी पकडते. आता कुणाला काही विचारायचं नाही, कुणावर ओरडायचं नाही. मिस्त्रीने संध्याकाळी पट्टा बसवला तेव्हा मी गोड बोलून चहाही दिला. तो गेल्यावर दारापासून मोटरपर्यंत जमिनीवर पीठ चाळलं, अगदी पातळ, अंधारात कळणार नाही असं. वाया गेलं थोडं. जाऊ दे.

९ फेब्रुवारी

पावलं अनवाणी आहेत.

उंबऱ्यापासून मोटरपर्यंत जाऊन परत. मोटरशी बराच वेळ उभी राहिलेली, पीठ तुडवून मळलेलं. आज काही मोडलेलं नाही. नुसतं येऊन उभं राहून गेलं कुणीतरी.

मिस्त्री बूट घालून येतो. दीर कधी चपला काढत नाही, त्यावरून ह्यांचं आणि त्याचं भांडण व्हायचं. दुकानवाली, गिऱ्हाइकं, मी, सगळी चपला घालूनच येतो. जमीन खरबरीत आहे, दाणे टोचतात. चपला उंबऱ्याबाहेर काढून गिरणीत शिरणारं माणूस एकच होतं. बारा वर्षं मी त्या चपला उंबऱ्याबाहेर बघितल्यात.

मी झाडू घेतला आणि सगळं झाडून टाकलं. मग दार लावून पोत्यांवर बसून राहिले. बाहेर कुणीतरी कडी वाजवत होतं. आज उशीर आहे म्हणून सांगितलं.

१० फेब्रुवारी

सुतळीचं चावलेलं टोक. उंदीर म्हणे.

११ फेब्रुवारी

ह्यांच्याशी बोलले नाही. ह्यांनीही विचारलं नाही की का बोलत नाहीस. जेवण वाढलं, ताट उचललं. पहाटे फिरायला गेले नाहीत.

एका मनाने वाटतं, सोडून द्यावं. हात गेलेला माणूस आहे. दुसऱ्या मनाने वाटतं, हात गेला म्हणून काय? भावाच्या माथी चोरी मारली मी, आणि हे बशीत बघत बसले. लोक माझ्यासमोरून पिशव्या नेत होते, आणि हे मला पाणी मागत होते. रोज सकाळी मी घाबरत कुलूप उघडत होते, आणि मला घाबरवणारा माझ्याच ताटात जेवत होता.

दुसरी किल्ली परत मागितलेली नाही. बघते काय करतात.

१३ फेब्रुवारी

आज बोलले.

दुपारी गिरणी बंद करून घरी आले. हे खिडकीत. मी समोर बसले आणि म्हटलं, पिठावरची पावलं मी झाडून टाकली आहेत. कुणाला दिसलेली नाहीत.

ह्यांनी काहीच नाकारलं नाही. उठून आत गेले आणि जुन्या सदऱ्यात बांधलेलं गाठोडं आणून माझ्यापुढे ठेवलं. डाव्या हाताने आणि दातांनी सोडलं. आत फ्यूज, चार बोल्ट, आणि गुंडाळी केलेला पट्टा. बोल्टना तेल लावून ठेवलेलं होतं, गंजू नयेत म्हणून. ते तेल बघून माझा राग आणखीच वाढला.

म्हणाले, "सकाळी मोटर सुरू झाली की मी इथे बसून ऐकतो. दिवसभर ऐकतो. आवाज जरा बदलला की वाटतं, गेली. मग आवाज परत येतो. मग पुन्हा बदलतो."

मी म्हटलं, मग मला सांगायचं. पट्ट्याभोवती जाळी बसव म्हणायचं, मी त्याच दिवशी बसवली असती.

"जाळी बसव म्हणून मिस्त्री पहिल्याच वर्षी सांगत होता. मी हसलो होतो त्याला. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

मग मी तो प्रश्न विचारला, जो पावलं दिसल्यापासून मनात होता. माझ्या जिवाला जपत होतात, की तुमच्या जागी मी उभी राहिलेली बघवत नव्हती?

ह्यांनी एक बोल्ट उचलला आणि पुन्हा सदऱ्यावर ठेवला.

"दोन्ही," म्हणाले.

मला वाटलं होतं, पहिलं म्हणतील. पहिलं म्हटलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

मी किल्ली मागितली. दिली. मग म्हटलं, भावाकडे तुम्ही जायचं. मी येणार नाही, मी निरोप पाठवणार नाही. तुम्ही जायचं आणि हे गाठोडं त्याच्यापुढे सोडायचं.

१४ फेब्रुवारी

हे गेले होते. किती वेळ होते, काय बोलले, मी विचारलं नाही. आले तेव्हा डोळे लाल होते आणि गाठोडं हातात नव्हतं.

गावात आज आणखी दोघीतिघींनी विचारलं, चोर सापडला का? मी सांगितलं, चोर नव्हताच, मीच पट्टा चुकीचा बसवत होते. दुकानवाली म्हणाली, तरीच. म्हणू दे. तिच्यावर मी संशय घेतला होता हे तिला कधी कळणार नाही, एवढं तिचं माझं बरोबरीत सुटलं.

१९ फेब्रुवारी

सकाळी गिरणीत होते तेव्हा दीर आला. माझ्याकडे बघितलं नाही. टेप काढून पट्टा, चाक, भिंत सगळं मोजलं आणि निघाला. मी म्हटलं, माझं चुकलं. तो थांबला, पण वळला नाही. म्हणाला, "तुमचं चुकलं त्याचं नाही वाईट वाटलं, वहिनी." एवढंच. पुढचं मला सांगायची गरज नव्हती.

२३ फेब्रुवारी

दिराने लोखंडी जाळी वेल्डिंग करून आणली आणि बसवली. पट्टा आता पूर्ण आत. बोटही जात नाही. काम चोख केलं, चहा घेतला नाही. जाऊबाई अजून पिशवीतलंच पीठ नेतात.

रात्री ह्यांना सांगितलं, जाळी बसली. म्हणाले, घट्ट आहे का? मी म्हटलं, या आणि बघा.

२ मार्च

हे आज आले.

उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि तिथेच उभे राहिले. दोन बायका दळणाला होत्या, त्यांनी बोलणं थांबवलं. नंतर हे आत आले, जाळीपाशी गेले, डाव्या हाताने ती हलवून बघितली. घाम फुटला होता.

मी पोतं सरकवून बटणांच्या भिंतीपाशी ठेवलं आणि म्हटलं, इथे बसा. लाल बटण तुमच्या हाताशी. काही वेगळं ऐकू आलं की दाबायचं, मला विचारायचं नाही.

मोटर सुरू केली. ह्यांनी डोळे मिटले. थोड्याच वेळात लाल दाबलं. काही झालेलं नव्हतं. मी पीठ बघण्याचं निमित्त केलं, थांबले, पुन्हा सुरू केली. पुन्हा दाबलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने पाटी उचलली, जाते म्हणाली. माझ्याही डोक्यात नको ते आलं. हे भीतीने दाबतायत, की अजून तेच चाललंय, आता माझ्या डोळ्यांदेखत? मला कळत नव्हतं. बहुतेक ह्यांनाही कळत नसावं.

तिसऱ्यांदा बंद झाली तेव्हा मी जागची हलले नाही. हात पुसले आणि म्हटलं, "मी नाही लावणार आता. बाई उभी आहे, तिचं दळण अर्ध्यावर आहे. तुम्ही लावा."

हे माझ्याकडे बघत राहिले. मग जाळीकडे. मग त्या बाईच्या पाटीकडे.

डावा हात वर गेला, हिरव्या बटणाशी थांबला, आणि दाबलं. गिरणी सुरू झाली. दळण पुरं होईपर्यंत हात लाल बटणापाशी होता, पण दाबलं नाही.

दोन्ही किल्ल्या माझ्याच गळ्यात आहेत. उद्या सकाळी उघडल्यावर बोल्ट मीच तपासणार, एकेक करून, ह्यांच्यासमोर. ह्यांनी बघितलं तर बघू दे.